सगळ्यात मागची गाडी

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. दंतवैद्य नव्हे. दंतवैद्य माणसांच्या तोंडात बघतात, हा त्या तोंडांचे साचे हातात धरून बसतो. शहरातल्या काही दवाखान्यांतून त्याच्याकडे प्लास्टरचे जबडे येतात, प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेला एक नंबर. घराच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून तो त्यांच्यावर मेणाची हिरडी चढवतो, एकेक दात उजेडात फिरवून बघतो, बसवतो, काढतो, पुन्हा बसवतो. खोलीत सगळीकडे पांढरी भुकटी. त्याच्या भुवयांवरसुद्धा. "निम्मं शहर माझ्या हातानं खातं, ताई," असं तो म्हणतो, पण रस्त्यात समोरून हसत येणारा माणूस त्या निम्म्यातला आहे की नाही, हे त्याला सांगता यायचं नाही. चेहरे त्याच्याकडे येतच नाहीत. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या गृहस्थाने जांभई दिली तेव्हा हा वाकून आत बघायला लागला होता. माझ्या भावजयीने कोपराने ढोसलं म्हणून मार खायचा वाचला.

स्वभावाने अतिशय सावकाश. घाईने केलेलं काम हिरडीला टोचतं, हे त्याचं म्हणणं कामापुरतं ठीक आहे, पण तो अंघोळही त्याच हिशेबाने करतो. भावजय म्हणते, "मी भाजी चिरायला घेतानाच ह्यांना जेवायला हाक मारते. शिजेपर्यंत बरोबर येऊन पोचतात."

असा माणूस चाळिशी उलटल्यावर एक जुनी मोटारसायकल घेऊन आला आणि डोंगरातल्या वाईट रस्त्यांवर हिंडणाऱ्या एका टोळीत सामील झाला, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. टोळीचा म्होरक्या मोटार शिकवण्याची शाळा चालवतो. त्याला सगळे कप्तान म्हणतात. आयुष्यभर शिकाऊ ड्रायव्हरशेजारी बसून त्याला अशी सवय लागली आहे की घरी सोफ्यावर बसला तरी त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो. दुसरा एक बेकरीवाला. पहाटे पीठ मळणारा, दिवसभर थट्टा करणारा, अंगाने त्याच्या पावांसारखाच फुगलेला. आणि या वर्षी नव्याने आलेली एक तरुण मुलगी, जिचं चष्म्याचं दुकान आहे. ती चष्मेवाली. बाकी चारपाच जण असेच, कोणी नळकाम करणारा, कोणी तिकीट तपासणारा. धाडसी म्हणावं असं कोणाच्या तोंडावर लिहिलेलं नाही.

या टोळीत माझ्या भावाला शेपूट म्हणतात. तो सगळ्यात मागे असतो म्हणून. सुरुवातीला तो आपोआप मागे पडायचा. मग कप्तानाने ते त्याचं कामच करून टाकलं.

हे काम काय, ते सांगायला हवं. डोंगरात रस्त्यावर पाट्या नसतात आणि गाड्या एकमेकींपासून पुष्कळ लांब चालतात, नाहीतर मागच्याला पुढच्याची धूळ खावी लागते. मग वाट फुटते तिथे कुठे वळायचं हे मागच्यांना कळणार कसं? त्यासाठी या लोकांनी एक रीत पाडली आहे. वाट फुटली की कप्तानाच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं आणि हात लांब करून दिशा दाखवायची. याला ते 'कोपरा धरणं' म्हणतात. बाकीचे त्याच्यासमोरून वळून जातात. कोपरा धरणाऱ्याने ऊन असो, पाऊस असो, शेवटची गाडी दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. ती दिसली की मग त्याने आपली गाडी सुरू करायची आणि तिच्यापुढे निघायचं. शेवटची गाडी लांबून ओळखू यावी म्हणून तिच्या स्वाराच्या अंगात जाडजूड नारिंगी जाकीट. नारिंगी दिसलं की कोपरा सोडायचा, त्याआधी नाही. एवढं सगळे पाळतात म्हणून इतक्या वर्षांत कोणी हरवलं नाही.

ते नारिंगी जाकीट माझ्या भावाचं. घरी ते कपाटात इस्त्रीच्या शर्टांशेजारी टांगलेलं असतं.

या वर्षी भावजयीच्या गुडघ्याने दगा दिला. दरवर्षी भावाच्या मागे ती बसायची. तिने मला गळ घातली, "वन्सं, तुम्ही जा. हे एकटे गेले तर आठवड्याच्या सहलीला महिना लावतील." शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, हाडं अजून शाबूत आहेत, आणि खरं सांगायचं तर कोणी विचारेल याची मी वाटच बघत होते.

निघायच्या सकाळी सगळे कप्तानाच्या अंगणात जमले. मला हेल्मेटमध्ये पाहून बेकरीवाला म्हणाला, "बाई, आता वर्गात कोण बोललं ते मागून दिसणार तुम्हाला!"

"मला पुढूनसुद्धा दिसायचं," मी म्हटलं.

कप्तान मात्र हसला नाही. त्याने भावाला बाजूला घेतलं, पण त्याचा आवाज मैदानात शिकवणाऱ्याचा. सगळ्यांनाच ऐकू आलं. "शेपूट, तू साठीला टेकलास. मागे बाई बसणार. रस्ता नवीन आहे, वर खाणींच्या जुन्या वाटा फुटल्यात सगळीकडे. मी म्हणत होतो, शेवटची गाडी यंदा दुसऱ्याला देऊ."

भाऊ हातमोजे घालत होता. घालायचा थांबला. "माझ्याकडून आजवर कोणी मागे राहिलंय?"

"नाही राहिलं. म्हणूनच आत्ता सांगतोय."

"मग राहू दे ना माझ्याकडे."

कप्तानाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं. पण वाटेत एक जरी गडबड झाली, तर त्याच दिवशी जाकीट उतरवायचं. मग तोंड पाडायचं नाही."

"नाही पाडणार," भाऊ म्हणाला आणि तेव्हाच ते पडलं होतं.

सगळ्यात मागच्या जागेचं याला एवढं काय, हे मला पहिले दोन दिवस कळेना. मागून दिसतात फक्त पाठी. त्यांचीही वरची बाजू, कारण खालची धुळीत असते. आम्ही इतकी धूळ खाल्ली की संध्याकाळी दात चावले तर कुरकुर वाजायचे. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की जो मागे पडतो तो कोणीतरी एकटाच असतो आणि तो का मागे पडला हे फक्त शेवटच्या गाडीला समजतं. टोळीला हसवणारा बेकरीवाला लाकडी पूल आला की मुद्दाम रेंगाळायचा, सगळे पार गेले की गाडीवरून उतरायचा आणि डोळे पायांवर ठेवून गाडी ढकलत पलीकडे न्यायचा. आम्ही बरंच अंतर ठेवून उभे राहायचो. भाऊ दुसरीकडे बघायचा. पूल संपला की बेकरीवाला बसायचा आणि धूम ठोकायचा, जणू काही झालंच नाही. चष्मेवाली वळणांवर स्वतःशी मोठ्याने बोलायची, "डावीकडे बघायचं नाही, बाई, डावीकडे काही नाहीये." खरंच काही नव्हतं. डावीकडे दरी होती.

मी एकदा भावाला म्हटलं, "बेकरीवाल्याचं हे बाकीच्यांना ठाऊक आहे?"

"मागच्या सीटवरून दिसलेलं मागच्या सीटवरच ठेवायचं, ताई."

(मी हे इथे लिहिते आहे ते बेकरीवाल्याच्या परवानगीने. त्याने आता स्वतःच सगळ्यांना सांगितलं आहे, तेही पुढे येईल.)

तिसऱ्या दिवशी झाडं संपली. नुसता दगड उरला. मी आयुष्यभर फळ्यावर तीन त्रिकोण काढून त्यांना डोंगर म्हणत आले. मुलंही निमूटपणे तेच काढायची. आता समोर जे उभं होतं त्याच्यासाठी माझ्याकडे शब्दच नव्हता. मान मागे टाकली तरी ते संपेना. तांबडा, राखाडी, एका ठिकाणी चक्क जांभळा असा दगड एकावर एक रचलेला, आणि त्याच्या कुशीत नखाने ओढलेल्या रेघेसारखा आमचा रस्ता. त्या रेघेवर एक ठिपका चालत होता. तो ठिपका म्हणजे कप्तान, हे कळल्यावर माझे हात आपोआप भावाच्या कमरेभोवती घट्ट झाले.

"भीती वाटते का गं?" त्याने विचारलं.

"नाही रे," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. भीती वाटायला माणूस थोडा तरी मोठा असावा लागतो.

दुपारी एक ओढा लागला. वरच्या बर्फाचं पाणी, गुडघाभर. बाकीचे पार झाले. चष्मेवाली मध्यावर गेली आणि गोट्यावरून तिचं चाक सरकलं. गाडीसकट ती आडवी झाली. मी उतरताच भावाने आमची गाडी टाकली आणि बुटांसकट पाण्यात शिरला. दोघांनी मिळून गाडी बाहेर काढली. लागलं काही नव्हतं, पण तिच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. त्यात वारा सुटला आणि त्याच्याबरोबर बारीक गारा. तिचे दात असे वाजायला लागले की भाऊ तिच्या तोंडाकडेच बघत राहिला. ओठ निळे पडत होते.

माझा कोरडा स्वेटर आम्ही तिला चढवला. पण तो वाऱ्यापुढे काय टिकणार? तेव्हा भावाने नारिंगी जाकीट उतरवलं.

"घाल हे."

"काका, तुम्हाला?"

"माझ्या मागे ताई आहे, पुढे इंजिन आहे. घाल मुकाट्याने. गाडी सुरू आहे तोवर नीघ, पुढे कोपऱ्यावर कोणीतरी असेलच. मुक्कामाला जाऊन चुलीपाशी बस. आम्ही आलोच मागून."

ती या वेळी जपून ओढा ओलांडून गेली. आम्हीही निघालो असतो, पण आमची गाडी उचलली तर मागच्या चाकात हवा नाही. गाडी टाकताना धारदार दगड टायरमध्ये घुसला होता. भावाने चाक काढलं, ट्यूब काढली, भोक शोधलं, ठिगळ लावलं. बोटं गारठलेली, पण काम त्याच्या नेहमीच्या चालीने. ठिगळ चिकटल्याची खात्री करायला त्याने ते गालाला लावून बघितलं. कवळीचा काठ तो असाच बघतो. मी हातपंपाने हवा भरली. सगळं होईपर्यंत ढग इतके खाली आले की ओढ्याचा पलीकडचा काठ दिसेना.

ओढा पार करून पुढे गेलो, तर पहिली वाट फुटली तिथे कोणी नव्हतं.

भाऊ थांबला. "इथे कोणीतरी असायला हवा होता. आडोशाला गेला असेल." त्याने दोनदा हॉर्न दिला. कोणी आलं नाही. चिखलात टायरचे माग उजवीकडे गेलेले होते. आम्ही उजवीकडे वळलो. पुढच्या फाट्यावरही तेच. तिथे माग अर्धेमुर्धे होते, गारांनी बुजत चाललेले. आणि त्यापुढचा फाटा सगळा खडकाचा. एक वाट वर, एक आडवी, दोन्हींवर गारांचा पांढरा थर, आणि माणूस नाही.

भावाने इंजिन बंद केलं. तेव्हा मला पहिल्यांदा त्या जागेची शांतता ऐकू आली. शाळा सुटल्यावरची शांतता मला माहीत आहे. तिच्यात थोडा वेळ आवाज शिल्लक असतो. इथे कधी आवाज झालेलाच नव्हता.

"असं व्हायचं नाही," तो स्वतःशी म्हणाला. "एखादा चुकेल. सगळेच कसे कोपरा सोडतील?" मग त्याचा हात सवयीने छातीकडे गेला, जाकिटाची चेन वर ओढायला, आणि तिथेच राहिला.

"ताई. माझं जाकीट."

एका क्षणात मलाही ते कळलं. चष्मेवाली प्रत्येक कोपऱ्यावरून नारिंगी घालून गेली होती. ढगात, गारांत, डोक्यावर हेल्मेट. लांबून नारिंगी दिसलं, की कुडकुडत उभ्या असलेल्या माणसाने नियमाप्रमाणे गाडी सुरू केली होती. एकानेही आळस केला नव्हता की चूक केली नव्हती. आम्ही मागे आहोत, हे सांगणारं एकही माणूस त्या डोंगरावर उरलं नव्हतं.

"अरे, ती गारठून पडली असती," मी म्हटलं. "जाकीट दिलंस ते बरोबरच केलंस."

"दिलं ते बरोबर. पण एक वाक्य सांगायचं राहिलं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून सांग, की शेपूट अजून मागे आहे. एवढंच. आणि मी तिला चुलीच्या गप्पा सांगितल्या." त्याने हेल्मेट काढलं. केसांतून वाफ येत होती. "कप्तान म्हणाला होता ना, एक जरी गडबड. झाली."

फोन तिथे लागत नव्हता. एक वाट पलीकडच्या मुक्कामाला जात होती आणि दुसरी कुठल्याशा खाणीच्या तोंडाशी जाऊन संपत होती, की तुटत होती, कोण जाणे. मी म्हटलं, "वरची घेऊ या."

"नाही. माहीत असलेल्या शेवटच्या जागी थांबायचं. मी सगळ्यांना हेच सांगत आलोय."

आम्ही गाडीच्या आडोशाला पाठीला पाठ लावून बसलो. मी लहानपणीच्या दोनचार गोष्टी काढल्या, तर म्हणाला, "ताई, तू माझी समजूत काढतेयस."

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला वारा फिरला आणि ढग मधोमध फाटला. एखादं कापड टराटरा फाटावं तसा. आतून डोंगर बाहेर आला. तो आमच्या इतक्या जवळ होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. पार आभाळापर्यंत गेलेली काळी भिंत, तिच्या खाचांमध्ये बर्फ, आणि वरच्या कडेला कुठूनसं आलेलं पिवळं ऊन. त्या भिंतीवर आमचा रस्ता वळणावळणाने चढत गेलेला दिसला, आणि त्याला ठिकठिकाणी फुटलेल्या त्या खाणींच्या वाटा. आडवी वाट थोडं पुढे जाऊन दरीत कोसळलेली होती. मी भावाचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही.

मग अगदी वर, खिंडीपाशी, एक दिवा दिसला. त्याच्यामागे दुसरा. पाचसहा दिवे एका ओळीत खाली यायला लागले. आवाज नव्हता, इतके ते लांब होते. दोऱ्यात ओवल्यासारखे ते वळणं घेत होते.

"आले रे!" मी ओरडले.

पण थोड्या वेळाने मला दिसलं, की खाली येणारे दिवे कमी होत होते. एक दिवा एका जागी थांबला तो हलेना. बाकीचे पुढे आले. मग आणखी एक थांबला.

"अरे, ते थांबतायत का? काही झालं का त्यांना?"

मी वळून बघितलं तर तो उभा राहिला होता, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा मला समजलं. एकेक दिवा एकेका फाट्यावर थांबत होता. ते पुन्हा कोपरे धरत होते. कोणाला पुढे जायला नव्हे, याला वर यायला.

शेवटी एकच दिवा उरला आणि तो आमच्यासमोर येऊन थांबला. कप्तानाने हेल्मेटची काच वर केली.

"बाई, बऱ्या आहात?"

"बरी आहे."

मग तो भावाकडे वळला. "लेका," एवढंच म्हणाला. गाडी वळवून तो म्हणाला, "चल. मी मागून येतो. तू पुढे हो."

तो चढ मी विसरणार नाही. वर गारा अजून पडत होत्या. पहिल्या फाट्यावर नळकामवाला, पुढच्यावर तिकीट तपासनीस. प्रत्येक जण गारांत उभा, हेल्मेटवर पांढरा थर, हात लांब केलेला. आम्ही लांबून दिसलो तरी हात खाली येत नव्हता. आम्ही जवळून जाऊन वळलो, की मगच मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज यायचा. इतक्या मोठ्या डोंगरापुढे माणूस म्हणजे मुंगी असं म्हणतात. मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी त्या भिंतीवर मला माणसंच मोठी दिसत होती, आणि त्यांच्या हातांपलीकडे डोंगर होता. सगळ्यात वरच्या फाट्यावर बेकरीवाला होता. त्याला आल्याआल्या थट्टा सुचायला हवी होती. तो नुसता हात लांब करून उभा होता आणि मोठमोठ्याने नाक ओढत होता.

मुक्काम म्हणजे खिंडीपलीकडची एक दगडी खोली, मध्ये लोखंडी चूल. चष्मेवाली ब्लँकेटमध्ये बसून रडत होती. इथे पोचल्यावर कप्तानाने तिला नारिंगी जाकिटात बघून "सगळे आले" म्हणून चूल पेटवायला घेतली होती. मग तिने हेल्मेट काढलं. बेकरीवाला सांगत होता, की तिचा चेहरा दिसल्यावर कप्तानाच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत गेली तरी त्याला कळलं नाही.

"काका, माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"छट्. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं."

सूप पिऊन झाल्यावर कप्तान म्हणाला, "शेपूट, बोलणं झालं होतं आपलं."

"हो."

मला राहवलं नाही. "अहो, त्याने एका मुलीचा जीव वाचवला!"

"वाचवला, बाई. उद्या मी त्याला त्यासाठी सलाम ठोकीन. पण मला रात्री झोप लागायला हवी." त्याने भावाकडे बघितलं. "उद्या शेवटची गाडी दुसऱ्याची."

"बरोबर आहे," भाऊ म्हणाला. त्याने तोंड पाडलं नाही. मी त्याला जन्मापासून ओळखते म्हणून सांगते, तोंड न पाडायला त्याला पहिल्यांदाच इतके कष्ट पडले असतील.

"मग कोण घेतंय?"

बेकरीवाल्याने घसा साफ केला. "मी घेतो. पण एक सांगायचंय आधी. मला पुलावर गाडीवर बसवत नाही. मी उतरून ढकलतो. इतकी वर्षं ढकलतोय."

तिकीट तपासनीस म्हणाला, "आणि आम्हाला वाटायचं तू फोटो काढायला मागे राहतोस!"

"एक तरी फोटो पाहिलास का कधी?"

"शेपूट, तुला ठाऊक होतं?" कप्तानाने विचारलं.

"मी कशाला पुलाकडे बघतोय," भाऊ म्हणाला. त्यावर जो हशा पिकला त्याने खोली गरम झाली. माझ्या भावाने इतकी वर्षं मागे राहून काय सांभाळलं, ते त्या रात्री सगळ्यांना थोडं थोडं कळलं असावं. कारण मग चष्मेवालीने आपल्या डावीकडे न बघण्याचं सांगितलं, आणि नळकामवाल्याने आणखी काहीतरी, जे मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. मुक्कामापासून रस्ता खाली नदीवर उतरत होता, एका लाकडी पुलावरून पलीकडे जात होता, आणि मग त्याहूनही उंच अशा दुसऱ्या खिंडीकडे चढत होता. भाऊ कप्तानाच्या लगेच मागे होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यापुढे धूळ नव्हती. तो इतकं हळू चालवत होता की कप्तान दोनदा थांबून मागे बघू लागला. तो हळू चालवत होता कारण तो बघत होता. "ताई, हे असं असतं होय?" तो मध्येच म्हणायचा. "ताई, तिकडे बघ. ताई, वर." बर्फाची शिखरं एकामागून एक उघडत होती. वर्गाचं दार उघडलं की मुलं उभी राहतात, तशी ती वळणागणिक उभी राहत होती.

खिंडीच्या माथ्यावर वाट फुटली. कप्तानाने बोट दाखवलं आणि तो गेला. भावाने गाडी लावली, फाट्यावर जाऊन उभा राहिला आणि डावा हात लांब केला.

एकेक जण आला. समोरून येत होते म्हणून चेहरे दिसत होते. चढावर ओठ आवळलेला तिकीट तपासनीस. गाणं म्हणत येणारा नळकामवाला, जो गातो हे याला माहीत होतं, पण गाताना त्याचे डोळे मिटतात हे नव्हतं. "अरे, डोळे उघड!" हा ओरडला. चष्मेवाली आली आणि वळताना तिने मान वळवून, चांगली टक लावून, डावीकडे बघितलं. दरीकडे. मग आमच्याकडे बघून सगळे दात दाखवून हसली.

त्यानंतर कोणी आलं नाही.

खाली रस्ता पुलापर्यंत दिसत होता, पण पूल एका कड्याआड होता. आम्ही वाट बघत राहिलो. ऊन वर चढलं. वाऱ्याने बर्फाची भुकटी शिखरावरून उडत होती.

"त्याला काही झालं नसेल ना?" मी म्हटलं. "खाली जाऊन बघू या का?"

भाऊ खालीच बघत होता. त्याचा उजवा पाय दोनदा गाडीच्या दिशेने गेला आणि दोनदा परत आला. मागच्या माणसाकडे जाणं हेच त्याने आजवर केलं होतं. "कोपरा सोडायचा नाही," तो म्हणाला. "तो येईल. त्याचा तो येईल." हात त्याने खाली घेतला नव्हता. तो भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने कोपराखाली आधार दिला.

बऱ्याच वेळाने कड्याआडून एक नारिंगी ठिपका बाहेर आला. मी टाळी वाजवली. "चला! दिसलं नारिंगी. काढ गाडी."

तो हलला नाही. ठिपका वळणामागे गेला, पुन्हा दिसला, मोठा झाला. इंजिनाचा आवाज आला. गाडी अगदी आमच्यासमोर आली तरी तो तसाच उभा होता, डोळे बारीक करून हेल्मेटच्या काळ्या काचेत बघत. बेकरीवाल्याला थांबावं लागलं.

"आता काय?" आतून आवाज आला.

"काच वर कर."

काच वर झाली. आत घामाने भिजलेला, लालबुंद, अजून पुलाच्या भीतीतून पुरता बाहेर न आलेला बेकरीवाल्याचा चेहरा होता. भाऊ त्याच्याकडे नीट बघत राहिला.

"अर्ध्यापर्यंत बसून आलो," बेकरीवाला म्हणाला. "पुढचा अर्धा ढकलली."

"हं," भाऊ म्हणाला. मग त्याने हात खाली घेतला आणि हेल्मेट घालायला लागला.